विद्यापीठाची लाह

आमच्या गल्लीत माझी ओळख अजून 'गोऱ्या लोकांना चहा पाजणाऱ्या बाई' अशीच आहे, आणि त्यात खोटं काही नाही. पगारपत्रकावर मात्र 'कक्ष अधिकारी, आंतरराष्ट्रीय सहकार्य कक्ष' असं लिहिलेलं असायचं. हा कक्ष म्हणजे नंदुरबारच्या आमच्या विद्यापीठातली जिन्याखालची खोली. आधी तिथे मोडकी बाकं ठेवलेली होती. बाकं हलवली, पण एक पाय लटपटणारी खुर्ची तेवढी राहून गेली, आणि नवख्या पाहुण्याला त्या खुर्चीत बसू न देणं हेही माझ्या कामात मोडायचं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. माझ्या पेन्शनची फाईल अजून तिथल्या टेबलांवरून फिरते आहे.

दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग तुम्ही किती देश फिरलात?" मी सुरतच्या पुढे गेलेली नाही. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. मी फक्त देशांना नंदुरबारात उतरवून घेत असे. बहुतेक देश सुरतहून रेल्वेने येत, आणि नवापूरची पोल्ट्री फार्म दिसली की मला फोन करत, "इथे इतक्या कोंबड्या का आहेत?" त्याचं उत्तर मी तयार ठेवलेलं होतं.

आधी हे काम काय असतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते कळलेलं नाही. दोन विद्यापीठांना एकमेकांबरोबर काहीतरी करावंसं वाटतं. नक्की काय, ते दोघांनाही ठाऊक नसतं. मग ती सामंजस्य करार करतात. या करारात 'शक्यता पडताळून पाहण्यात येतील' आणि 'यथावकाश' असे शब्द असावे लागतात, म्हणजे पुढे कुणाचीच अडचण होत नाही. निळ्या फायली, दोन नवीन पेनं, टेबलावर दोन छोटे झेंडे आणि फोटो, एवढं झालं की करार झाला. माझं काम त्यानंतर सुरू होई. पाहुणा राहील कुठे, खाईल काय, त्याचं पोट बिघडलं तर कुणाकडे न्यायचं, त्यांच्या सकाळी आपली दुपार असते तर मीटिंग कधी ठेवायची, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली तर संचालकांनी मोबाइलच्या उजेडात हसत राहायचं की नाही, हे सगळं जिन्याखालून ठरायचं.

नॉर्वेच्या एका विद्यापीठाशी करार झाला त्या दिवसाची गोष्ट सांगते. नॉर्वेचा झेंडा नंदुरबारात विकत मिळत नाही. मी मोबाइलवरचं चित्र शिंप्याला दाखवलं. लाल कापड, त्यावर पांढऱ्या काठाचा निळा क्रॉस. शिंप्याकडे लग्नसराई होती. त्याच्याकडे निळं कापड जास्त निघालं, म्हणून त्याने निळ्यावर लाल क्रॉस शिवला. दिसायला फार सुबक होता. नॉर्वेहून आलेल्या प्राध्यापक इंगाबाईंनी तो टेबलावर पाहिला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आइसलंडचेही लोक येणार आहेत का?"

आमचे संचालक देवरे सर कुठल्याही प्रश्नाला नाही म्हणणारे नव्हेत. ते म्हणाले, "हो, त्यांच्याशीही बोलणी चालू आहेत."

सरांचा शब्द पडायला नको म्हणून मी पुढे कितीतरी दिवस आइसलंडला ईमेल पाठवत बसले. त्यांनी शक्यता पडताळून पाहू असं कळवलं.

त्याच कार्यक्रमात कुणीतरी हवा येऊ दे म्हणून खिडकी उघडली. दिवस मिरचीचे. गावाबाहेर वाळणाऱ्या लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या, आणि वारा नेमका तिकडून. सरांनी पेन उचललं आणि इंगाबाई शिंकल्या. मग सर शिंकले, मग फोटोग्राफर. तो फोटो अजून मुख्य इमारतीत लावलेला आहे. त्यात दोन देशांचे प्रतिनिधी डोळे मिटून तोंडाला रुमाल लावून उभे आहेत आणि खाली लिहिलं आहे, 'एक अविस्मरणीय क्षण'.

इंगाबाई मला पहिल्या दिवसापासून आवडल्या. उंच, पिकलेले केस, पायात जाडजूड बूट. स्वतःची बॅग दुसऱ्याला उचलू देत नसत. आमचा ड्रायव्हर हिंमत यामुळे फार दुखावला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, या बाईनी मले बॅगले हात लावू दिधा नही. गाडी मी चालाडस ना? मंग मन्ही काही इज्जत शे का नही?"

"तू गाडी चालाड भाऊ," मी म्हटलं. "इज्जतनं मी देखस."

इंगाबाईंचा विषय माती. डोंगरउतारावर पाऊस पडला की किती माती वाहून जाते, आणि सातपुड्यातले लोक मोर नावाचं भरडधान्य, ज्वारी, उडीद असं एकत्र पेरतात तिथे ती कमी जाते का, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी उतारावर दगडी बांध घालायचे आणि बांधाखाली वाहून आलेली माती अडवणारे खड्डे करायचे. जागा मिळाली मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावर. ती मिळाली मोगीमुळे. मोगी वसावे ही त्या पाड्याची मुलगी, आमच्याकडे पीएच.डी. करत होती. कमी बोलायची, आणि डोंगर चढताना आमच्यासाठी थांबून राहायची, पण आम्ही दमलोय असं दिसू द्यायची नाही. पहिला टप्पा नीट झाला तर दुसऱ्या टप्प्यात तिला नॉर्वेच्या प्रयोगशाळेत जायचं होतं. माती तपासायची ती यंत्रं आमच्याकडे नव्हती, आणि त्यांच्याशिवाय तिचा प्रबंध अर्धाच राहणार होता.

बांध घालायला मजूर कसे लावायचे यावर आमच्या कार्यालयात बराच खल चालला. दरपत्रकं मागवा, निविदा काढा. डोंगरात निविदा कोण भरणार? शेवटी आम्ही पाड्यावरच गेलो. मोगीचे लांबच्या नात्यातले काका दामजादादा हे गावातले जाणते माणूस. डोंगरातली माणसं सगळ्यांना तू म्हणतात, लहानमोठं असं काही नसतं. दामजादादांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तू निविदा ठेव तुझ्याकडं. लाह बोलाव."

लाह म्हणजे काय ते मोगीने सांगितलं. एखाद्याचं मोठं काम असलं की तो गावाला बोलावतो. घरटी माणूस येतो, दिवसभर काम करतो, आणि ज्याचं काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. मजुरी नाही. देवरे सरांना हे एवढं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे 'श्रमदान' असा शब्द काढला.

लाह झाली. बायका, पुरुष, म्हाताऱ्या, सगळा पाडा त्या उतारावर. दगड हातोहात खाली-वर होत होते. आम्ही फोटो काढले. संध्याकाळी बकरा आणि ज्वारीच्या भाकरी. इंगाबाईंनी स्वतः वाढलं. अहवालात मी लिहिलं, 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग लाभला.' नॉर्वेला तो अहवाल फार आवडला.

त्यानंतर काही महिन्यांनी कक्षात पाड्यावरून फोन आला. फोन करणारा नेटवर्क मिळावं म्हणून टेकडीवर चढलेला असावा, वारा फार ऐकू येत होता. "बाज्याकडं लाह आहे," तो म्हणाला. "पुढल्या बाजारानंतर. विद्यापीठानं यायचं."

मी सरांना सांगितलं. सरांनी विचारलं, "लाह म्हणजे ते जेवणच ना?" मी हो म्हणाले. आमच्या डोक्यात लाह म्हणजे बकरा आणि भाकरी हेच बसलं होतं. दगड त्यांनी उचलले होते. आमच्या वाट्याला फोटो आणि जेवण आलं होतं, मग आठवणार तरी दुसरं काय?

"आपल्याला जमणार नाही," सर म्हणाले. "पण बोलावलंय तर उत्तर गेलं पाहिजे."

आमच्याकडे प्रत्येक निमंत्रणाला शुभेच्छापत्र जायचं, मग ते पुतळ्याच्या अनावरणाचं असो की कुणाच्या मुंजीचं. मी जाड कागदाचं लेटरहेड काढलं. 'श्री. बाज्या यांच्या निवासस्थानी होणाऱ्या लाह समारंभास विद्यापीठातर्फे हार्दिक शुभेच्छा. कार्यबाहुल्यामुळे उपस्थित राहता येत नाही याबद्दल दिलगीर आहोत.' खाली सरांची सही, गोल शिक्का. मोलगीच्या जीपवाल्याबरोबर ते पाठवलं. पुढे दुसऱ्या एका घरून असाच फोन आला, तेव्हा नाव बदलून तेच पत्र परत गेलं. आम्ही शिष्टाचारात कधी कमी पडलो नाही.

मग दुसऱ्या टप्प्याची वेळ आली. नॉर्वेचा नियम असा की गावाची लेखी संमती हवी, आणि ती पावसाळ्याच्या आत त्यांच्याकडे पोचली पाहिजे. नाही पोचली तर प्रकल्प बंद, आणि मोगीचं जाणंही बंद. मला वाटलं, यात काय अवघड आहे? मी संमतीपत्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, मोगीने ते घरच्या बोलीत समजावलं, आणि आम्ही पाड्यावर मोहाच्या झाडाखाली बैठक घेतली.

सगळे आले. सगळ्यांनी ऐकलं. मग दामजादादांनी यंदा मोह कसा आला ते सांगितलं. कुणीतरी बकरी हरवल्याची गोष्ट सांगितली. चहा झाला. संमतीचं काय, असं विचारलं की सगळे मान हलवत, पण ती हो म्हणून हलते आहे की वाऱ्याने, ते कळत नसे. अंगठा कुणी उठवला नाही, सही कुणी केली नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. परत येताना हिंमत गाडीत म्हणाला, "ताई, हाई लोके नही बी म्हनतस नही, अन् हां बी म्हनतस नही. आपला काहीतरी चुकी ऱ्हायना."

"आम्ही काय चुकलो?" मी चिडून म्हटलं. "बठा कागद बरोबर शेतस."

मोगी मागच्या सीटवर होती. ती बाहेर बघत होती. मी तिच्यावरही घसरले. "तुझ्याच गावात तुझं कुणी कसं ऐकत नाही गं?" त्या वेळी मला तिचा राग आला होता, हे खरं आहे.

तिसऱ्या खेपेला इंगाबाई आल्या. होळी होऊन गेलेली, ऊन तापलेलं. बैठक पुन्हा झाडाखाली, पुन्हा मान हलवणं. आम्ही उठलो आणि मोगीच्या घराकडे पाणी प्यायला निघालो. तिच्या घरी मी आधी गेले होते, पण आता तिथे घर नव्हतं. जुनं घर उतरवलेलं. नव्या घराचे खांब उभे होते, वर काही नाही. मोगीचे वडील खेमाभाऊ आणि त्यांचे दोन भाऊ मिळून छपराचं आढं, म्हणजे मधली ती भली मोठी तुळई, वर चढवायचा प्रयत्न करत होते. एक टोक वर जाई आणि दुसरं खाली येई. मोगीची आई कौलांच्या ढिगाजवळ उभी होती. आमच्याकडे बघून ती हसली, पण ते हसणं मला नीट वाटलं नाही.

इंगाबाईंनी बॅग खाली टाकली आणि जाऊन तुळईला खांदा लावला. मोगी धावली. मीही पदर खोचून दोर धरला. हिंमतने आधी बॅग उचलून सावलीत ठेवली, इतक्या दिवसांची हौस त्याने भागवून घेतली, आणि मग तो आला. तरी आढं काही चढेना. आम्ही ते खाली ठेवलं आणि त्यावरच धापा टाकत बसलो.

इंगाबाईंनी मागे वळून पाहिलं. झाडाखाली अजून सगळं गाव बसलेलं होतं. त्यांनी मोगीला विचारलं, "ते सगळे इथे का नाहीत?"

मोगी दोर गुंडाळत राहिली. मग इंगाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे एक पद्धत आहे. तिला डुगनाद म्हणतात. बर्फ वितळला की वस्तीतल्या सगळ्यांना बोलावणं जातं. सगळे मिळून आवार साफ करायचं, कुंपण रंगवायचं, मग एकत्र खायचं. कुणावर सक्ती नाही. जो येत नाही त्याला कुणी काही म्हणत नाही. फक्त..."

"फक्त त्याच्याकडे मग कुणी जात नाही," मोगी म्हणाली.

इंगाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या बांधांसाठी हे सगळे आले होते. त्यानंतर तुम्हाला कधी बोलावणं आलं होतं का?"

"आलं ना," मी म्हटलं. "दोनदा आलं. आणि आम्ही दोन्ही वेळा उत्तर पाठवलं."

"काय उत्तर?"

"शुभेच्छा."

इंगाबाई आधी हसल्या. इतक्या जोरात की तुळईवरून पडायला आल्या. मग त्यांचं मोगीकडे लक्ष गेलं आणि त्या थांबल्या. मोगी जमिनीकडे बघत होती.

तिने मग हळूहळू सांगितलं. लाह घेतली की ती फेडायची असते. ज्याने बोलावलं त्याने पुढच्याच्या कामाला जायचं. लाह विद्यापीठाच्या नावाने बोलावली होती, म्हणून विद्यापीठाने यायचं होतं. बाज्याचं घर उभं राहिलं तेव्हा दामजादादांनी विद्यापीठासाठी एक जागा धरून ठेवली होती. दुपारी जीपवाला आला आणि त्याने जाड कागद दिला. विद्यापीठाला गावात कोण ओळखतं? त्याला मोगीने आणलं होतं. म्हणून ते देणं मोगीच्या घराकडे लागलं. खेमाभाऊंनी यंदा लाह बोलावली तर सख्खे भाऊ तेवढे आले. भांडण नव्हतं. कुणी वाईट बोललं नव्हतं. प्रत्येकाला त्या दिवशी नेमकं दुसरं काम निघालं होतं.

"अगं, मग तू आम्हाला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"लाह मागून घेत नाहीत, ताई," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं. मग तुम्ही आला असता तरी त्याला अर्थ नव्हता."

मला फार वाईट वाटलं. त्या मुलीचं घर पावसाच्या तोंडावर उघडं पडलं होतं, तिचं जाणं अडलं होतं, आणि मी गाडीत तिलाच बोलले होते. आणि तो कागद जाड असावा म्हणून मी कपाटात शोधत बसले होते, ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

परत आल्यावर मी थेट देवरे सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी सगळं ऐकलं. "म्हणजे मी दगड उचलायला जायचं? कुठल्या नियमाखाली?"

"सर, कार्यशाळा," मी म्हटलं. "प्रत्यक्ष सहभागावर आधारित आंतरराष्ट्रीय कार्यशाळा. इंगाबाई आहेतच."

सरांनी डोळे मिटून घेतले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुठल्याही गोष्टीला नाव लागायचं. "उद्घाटन कुणाच्या हस्ते?" त्यांनी विचारलं, तेव्हा मला कळलं की ते येणार.

विद्यापीठाची बस घेऊन आम्ही निघालो. प्राध्यापक, ग्रंथालयातल्या बाई, शिपाई, लेखा विभागातले दोघं, घरटी माणूस असावा तसा विभागटी माणूस. बस सुटताना हिंमत धावत आला. "ताई, संमतीनी फाईल टेबलवर ऱ्हाई गई!"

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "आज फाईल नही लागानी."

बाज्याचं घर तर केव्हाच बांधून झालं होतं. आम्ही त्याच्या अंगणात ओळीने उभे राहिलो. सरांनी खिशातून भाषण काढलं. त्यांनी 'आजच्या या मंगलप्रसंगी' एवढं म्हणेपर्यंत बाज्याच्या बायकोने त्यांच्या हातात टोपली दिली. आतल्या भिंतीवर आमचं शुभेच्छापत्र चिकटवलेलं दिसत होतं. बाज्याला ते शिक्क्यामुळे आवडलं होतं म्हणे.

दामजादादा म्हणाले, "घर झालं. पण वरच्या शेतात दगड फार आहेत."

आम्ही दिवसभर दगड वेचले. एकाचे बूट फाटले, एकाची कंबर धरली, ग्रंथालयातल्या बाईंनी मात्र कुणाला वाटलं नव्हतं इतकं काम केलं. दामजादादा सरांच्या मागे मागे होते. "सर, तू वरून नको धरू, खालून धर. कंबर वाकव. असं." आयुष्यात पहिल्यांदा सरांना कुणीतरी काहीतरी शिकवत होतं आणि ते शिकत होते. संध्याकाळी बाज्याने जेवायला घातलं, उडदाची डाळ आणि भाकरी. सरांनी ती फोड आलेल्या बोटांनी खाल्ली आणि भाषणाचं नाव काढलं नाही. संमतीचा विषय कुणीही काढला नाही, आम्हीही नाही.

रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो. सकाळी मला कुऱ्हाडीच्या आवाजाने जाग आली. मोगीच्या घराकडे गेले तर सगळा पाडा तिथे होता. बाज्या वासे तासत होता. म्हाताऱ्या बायका कौलं हातोहात देत होत्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, निदान माझ्या कानांवर तरी काही आलं नव्हतं. खेमाभाऊ तुळईच्या टोकाशी उभे होते, आणि मागच्या खेपेला आम्हाला न हललेलं ते आढं सगळ्यांनी मिळून हुंकार दिला तशी वर गेलं आणि जागेवर बसलं. मोगीच्या आईने तोंडाला पदर लावला. मोगी कौलं देता देता रडत होती आणि रडता रडता मला ओरडून सांगत होती, "ताई, तुटकं कौल देऊ नका वर!"

दुपारी दामजादादा माझ्याजवळ येऊन बसले. "ताई, तुझा तो कागद?"

"नंदुरबारला राहिला, दादा."

ते खूप हसले. मग त्यांनी ते गावाला सांगितलं आणि सगळं गाव हसलं.

मोलगीच्या पुढच्या बाजाराला एक जीप भरून माणसं खाली उतरली ती थेट आमच्या विद्यापीठात आली. जिन्याखालच्या खोलीत दाटीवाटीने उभं राहून त्यांनी अंगठे उठवले, सह्या केल्या. दामजादादा नेमके त्या लटपट्या पायाच्या खुर्चीकडे निघाले होते, त्यांना मी वेळेत धरलं. वार्षिक अहवालात त्या सगळ्याची 'आंतरराष्ट्रीय कार्यशाळा यशस्वीरीत्या संपन्न' अशी नोंद आहे. ती मीच लिहिली.

मोगी नॉर्वेला गेली. पहिल्या वसंतात तिचा फोटो आला. हातात दाताळं, डोक्यावर लोकरीची टोपी, मागे इंगाबाई आणि त्यांची सगळी वस्ती. खाली लिहिलं होतं, 'ताई, मला पण बोलावणं आलं. मी शुभेच्छा पाठवल्या नाहीत.' तो फोटो मी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. निवृत्त झाले तेव्हा कक्षातून घरी आणलेली वस्तू तेवढीच.

आता ती डॉक्टर मोगी वसावे आहे आणि परत आली आहे. यंदाच्या पावसात उतारावरचे जुने बांध दोन-तीन जागी फुटले. परवा दुपारी तिचा फोन आला. मागे टेकडीवरचा तोच वारा.

"ताई, आमच्याकडे लाह आहे," ती म्हणाली आणि थांबली.

पलीकडे आमचे हे पेपर वाचत होते. त्यांना ऐकू गेलं. "तू आते रिटायर शे," ते म्हणाले. "विद्यापीठनं विद्यापीठ देखी ली. तुन्ही पाठ दुखस ना? सांगी दे, जमाव नही म्हणून."

पाठ दुखते, हे खरं आहे. पण असं कळवायचं कशावर? लेटरहेड काही आता माझ्याकडे नाही. मोगी अजून फोनवर होती, वारा ऐकू येत होता. मी तिला एवढंच विचारलं, "टोपली तिथे मिळेल, की इथून आणू?"